पोपटाचा अर्थ काय लिहायचा?

पत्र थोडक्यात असं आहे. नगर जिल्ह्यातल्या एक अंगणवाडी सेविका ताई, वय 41, मुक्त विद्यापीठातून मराठी घेऊन बी.ए. करतायत. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' त्यांना अभ्यासाला आहे. त्या लिहितात, "नाटक मी एका रात्रीत वाचलं. काशीकर घड्याळ बघतात तिथे इतका राग आला की पुस्तक बंद करून ठेवलं. शेवटी ते चिमणी-पोपटाचं गाणं आलं, ते मी अंगणवाडीत पोरांना म्हणून दाखवते, तर मला पुढे वाचवेचना. पण 'नाटकातील प्रतीके स्पष्ट करा', 'उपरोधाचे स्वरूप सांगा', 'आशयसूत्र विशद करा' असलं काही विचारलं की डोकं बंद पडतं. गाइडमध्ये लिहिलंय की पोपट हिरवा म्हणजे आशा. मला तसं काहीच वाटलं नव्हतं. मुलगा बारावी सायन्सला आहे, तो म्हणतो आई हे सगळं ओढूनताणून काढलेलं असतं, लेखकाच्या डोक्यात असलं काही नसतं. मला साहित्य कळत नाही का? की शिकायचं वय गेलं माझं?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वय अजिबात गेलेलं नाही, आणि साहित्य तुम्हाला चांगलंच कळतं, हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, तुमच्या पत्रातच त्याचा पुरावा आहे. घड्याळापाशी तुम्हाला राग आला आणि गाण्यापाशी तुम्ही अडलात. म्हणजे उपरोध आणि प्रतीक, ज्याला सगळेजण आयरनी आणि सिम्बॉल म्हणतात, ती दोन्ही तुमच्यापर्यंत बरोबर पोचली, फक्त त्यांना परीक्षेतलं नाव काय ते तुम्हाला माहीत नव्हतं. नाव शिकायला फार वेळ लागत नाही. राग येणं मात्र शिकवता येत नाही कुणाला. त्यामुळे आता एकच करायचंय, जिथे राग आला आणि जिथे अडलात त्या पानांवर परत जायचं आणि विचारायचं, इथेच का?

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मुंबईची एक हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे खोट्या-खोट्या कोर्टाचा, प्रयोग करायला आलीयेत. रात्रीच्या प्रयोगात खटला आहे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रं बनवल्याबद्दल. एक नट आलेला नाही, म्हणून गावातल्या सामंत नावाच्या भोळ्या माणसाला ऐनवेळी साक्षीदार म्हणून उभं करायचंय, आणि त्याला कोर्ट कसं चालतं ते दाखवायला म्हणून दुपारी गंमत म्हणून एक खोटा खटला चालवायचं ठरतं. आरोपी कोण, तर ग्रुपमधली शिक्षिका लीला बेणारे. आरोप काय, तर भ्रूणहत्या. आणि मग गंमत गंमत म्हणता म्हणता तिचं खरं आयुष्य सगळ्यांसमोर उकरलं जातं, की ती कुमारी आहे, तिला दिवस गेलेत, आणि त्याला जबाबदार असलेले प्रा. दामले आज आलेलेच नाहीत. हे नाटक 1967 साली रंगायन ह्या नाट्यसंस्थेनं केलं, अरविंद देशपांडेंचं दिग्दर्शन होतं आणि बेणारे सुलभा देशपांडेंनी केली होती.

आता तुमचं घड्याळ. खटल्याच्या शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. दहा सेकंद, ताई. आणि मग स्टेजवरचे सगळे जागच्या जागी थिजतात आणि बेणारे बोलायला लागते, पानंच्या पानं बोलते, चौदाव्या-पंधराव्या वर्षी मामावर जीव जडला तिथपासून ते आता पोटातल्या बाळापर्यंत सगळं बोलते. तुम्ही ते वाचलंत, पण काशीकरांनी ऐकलं का? नाही. वकील झालेल्या सुखात्म्यांनी? नाही. तिचं बोलणं संपतं, बाकीचे परत हलायला लागतात आणि कोर्टाच्या लेखी दहा सेकंद गप्प उभी असलेली एक बाई, तिला काही म्हणायचं नाही, वेळ संपली. तुम्हाला जे सगळं कळलं ते त्या खोलीतल्या एकालाही कळलेलं नाही, आणि निकाल मात्र ते देणार. तुमचा राग ह्या फटीतून आला. उपरोध म्हणजे मुळात ही फट, दिसतं एक आणि असतं दुसरं, किंवा एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं, आणि त्या दोन्हीच्या मधे वाचक उभा असतो आणि त्याला काहीच करता येत नाही.

उपरोध म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना फक्त टोमणा आठवतो, म्हणजे उशिरा आलेल्याला 'या, लवकर आलात' म्हणायचं तसला. तो आहेच उपरोधात, बोलण्यातला उपरोध तो, आणि ह्या नाटकाच्या पहिल्या अंकात बेणारे तो भरपूर करते, सामंतला एकेकाची ओळख करून देताना असे चिमटे काढते की वाचताना हसू येतं. पण परीक्षेत मार्क मिळतात ते त्याच्या पुढच्या थराला. तो बघा कसा रचलाय. आरोप भ्रूणहत्येचा, बरोबर? मग सुखात्मे मातृत्व किती पवित्र असतं यावर भाषण ठोकतात आणि काशीकर त्यात जननी जन्मभूमिश्च वगैरे संस्कृतची भर घालतात. आणि शेवटी निकाल काय लागतो? की हे मूल जन्माला येता कामा नये, पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या गुन्ह्याचा आरोप ठेवला तोच गुन्हा शिक्षा म्हणून फर्मावला. तिच्याकडून तो घडलेला नाही, तिला तर मूल हवंय, ते कोर्टच आता तिला करायला लावतंय, आणि हे बोलताना एकाच्याही आवाजात कंप नाही. हे वाक्य तुम्ही उत्तरपत्रिकेत तुमच्या शब्दांत लिहिलंत तर उपरोधाचे प्रकार पाठ करून लिहायची गरजच पडणार नाही.

आणखी एक जागा दाखवते, ती मला ह्या नाटकातली सगळ्यात भयंकर वाटते. सामंत साक्षीदार म्हणून उभा राहतो. त्याला बेणारेबद्दल काही म्हणजे काही माहिती नाही, आजच भेटलाय, उलट त्याला ती आवडलीये, आदर वाटतोय. पण खटल्यात रंग भरायचा म्हणून तो हातातल्या एका कादंबरीतलं ऐकवतो, की दामल्यांच्या खोलीवर गेलो होतो, आतून बाईच्या रडण्याचा आवाज येत होता, असं काय काय. सगळं बनवलेलं. आणि ते खरं निघतं. जो एकटा तिच्या बाजूचा आहे त्याच्याच तोंडून, चांगल्या मनानं, खोटं म्हणून सांगितलेली गोष्ट तिला खड्ड्यात ढकलते. इथे दुष्ट कुणी नाही बघा, म्हणूनच ते जास्त लागतं. वाईट माणसानं वाईट केलं तर राग येतो आणि विषय संपतो, पण भोळ्या माणसाच्या हातून असं झालं की वाचून झाल्यावरही डोक्यातून जात नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे, नाटक परत वाचा. पूर्ण नको वाटलं तर पहिला अंक तरी. पहिल्यांदा वाचताना तुम्हाला माहीत नव्हतं की बेणारेला दिवस गेलेत, त्यामुळे तिचं ते सामंतशी भरभर बोलणं, शाळेतल्या पोरांबद्दल भरभरून सांगणं, शाळेत आपल्याबद्दल चौकशी चाललीये हे हसत उडवून लावणं, माझं आयुष्य माझं आहे म्हणणं, हे सगळं एका खेळकर बाईचं बोलणं वाटलं असेल. आता माहीत असताना वाचा. तीच वाक्यं आहेत, एक अक्षर बदललेलं नाही, पण आता ती बाई घाबरलेली दिसेल आणि भीती झाकायला हसताना दिसेल. मला वाटतं साहित्य शिकवणाऱ्यांनी पहिल्या तासाला हेच करायला पाहिजे, नाहीतर पोरं व्याख्या पाठ करत बसतात आणि पुस्तक राहून जातं.

आता प्रतीक. इथे तुमचा गोंधळ होतोय तो गाइडमुळे होतोय असं मला स्पष्ट वाटतं, कारण गाइड काय करतं तर एक तक्ता देतं, पोपट म्हणजे आशा, दार म्हणजे समाज, कडी म्हणजे बंधन. असं ह्याचा अर्थ हे, त्याचा अर्थ ते, लिहिलं की वस्तू मरून जाते. प्रतीक हे आधी खरीखुरी वस्तू असतं, गोष्टीत तिचं काहीतरी काम असतं, आणि ते काम करता करता ती जड होत जाते.

कडीचंच घ्या. नाटक सुरू होतं तेव्हा सामंत आणि बेणारे हॉलमध्ये शिरतायत आणि दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेंगरलंय. सामंत तिला समजावून सांगतो की ही कडी जरा त्रासदायक आहे, नीट बाजूला सरकवली नाही आणि दार लावलं तर बाहेरून बसते आणि माणूस आत अडकतो. झालं, एवढंच. पहिल्या वाचनात कुणी तिकडे लक्षही देत नाही, जुन्या हॉलचं दार आहे, असतंच असं. नंतर खटला अंगावर यायला लागतो तेव्हा बेणारे पर्स-पिशवी उचलून निघते, दाराशी जाते, ओढते, आणि दार उघडत नाही. बाहेरून कडी बसलीये. कुणी मुद्दाम लावलेली नाही हे लक्षात घ्या, ती आपोआप बसलीये, सामंतनं सांगितलं होतं तशीच. आणि तिसरी वेळ अगदी शेवटी, निकाल लागून गेलाय, आणि बाहेरून गावातली माणसं दार उघडतात आणि विचारतात, प्रयोग सुरू झाला का? दार आता सताड उघडं आहे. बेणारे उठत नाही.

तीन वेळा आलं ते दार. पहिल्यांदा बोट, दुसऱ्यांदा अख्खी बाई, तिसऱ्यांदा दार उघडून उपयोग नाही. मला सांगा, याला 'कडी म्हणजे सामाजिक बंधन' असं लिहून काय हाताला लागलं? पण हा प्रवास लिहिला तर आपोआप बरंच काही बोललं जातं, की हा सापळा कुणी रचलेला नाही, तो त्या घराच्या रचनेतच आहे, आधीच सूचना दिलेली होती, ती बाईला पहिल्याच मिनिटाला लागलेली पण होती, आणि ज्यांना दार उघडता येतं ते बाहेरचे आहेत आणि ते तमाशा बघायला आलेत. हे सगळं नाटकात आहे. मी वरून चिकटवलेलं त्यात काही नाही.

मुलाला द्यायचं उत्तर इथेच आहे. त्याला म्हणावं, तू सायन्सचा आहेस ना, मग टेस्ट करून बघू. नाटकातून ती वस्तू काढून टाक आणि काय मोडतं ते बघ. कडी काढली तर? बेणारे मधेच दार उघडून एसटी स्टँडवर निघून जाईल, नाटक संपलं. म्हणजे कडी सहज आलेली नाही. दुसरी टेस्ट, ती वस्तू परत येते का, आणि महत्त्वाच्या जागी येते का? येते, सुरुवातीला, मधे आणि शेवटी. ह्या दोन्हीत पास झाली तर तिच्याबद्दल बोलायचा आपल्याला हक्क आहे, लेखकाच्या डोक्यात काय होतं ते विचारायला आपण जाऊ शकत नाही आणि जायची गरजही नाही. तेंडुलकरांनी ह्या नाटकाच्या जन्माबद्दल जे सांगितलंय ते फार साधं आहे, पार्ल्याला अभिरूप खटल्याचा प्रयोग करायला निघालेली एक हौशी मंडळी त्यांना भेटली आणि त्यांच्या गप्पा ऐकता ऐकता नाटक सुचत गेलं. त्या गप्पांमध्ये कुणी कडीला सापळा म्हटलं असेल असं नाही. पण लिहिताना लेखक एका वस्तूपाशी परत परत येतो, का येतो हे त्याला तरी दरवेळी नेमकं माहीत असतंच असं नाही, आणि वाचकानं मात्र तो आला होता हे बघायचं असतं. मुलाचं अर्धं म्हणणं मला पटतं हां. ओढूनताणून काढलेलं असतं पुष्कळदा. ढेकणाच्या औषधाची बाटली येते नाटकात, ग्रुपमधले पोंक्षे सांगतात की बेणारेच्या पर्समध्ये होती म्हणून. तिला लगेच प्रतीक करायला जाऊ नका. ती विषाची बाटली आहे, बाईला मरावंसं वाटतंय, एवढं सरळ आहे ते आणि तेवढंच भयानक आहे. प्रत्येक वस्तूच्या मागे अर्थ दडलेला नसतो.

आता तुमचा पोपट. हिरवा म्हणजे आशा हे मला पण पटत नाही, कारण नाटकात त्या हिरव्या रंगाला कुणी काही काम दिलेलं नाही. तुम्हाला तसं वाटलं नव्हतं ना, मग तुमच्या वाटण्यावर विश्वास ठेवा आणि त्या पोपटाकडे तुम्ही रोज बघता तसं बघा. तो कापडाचा पोपट आहे, सामंतनं पुतण्यासाठी घेतलेला. लहान पोराचं खेळणं. सुरुवातीपासून तो त्याच्यापाशी आहे. बेणारे ज्या बाळासाठी भांडतेय ते बाळ जन्माला आलं असतं तर असलंच खेळणं त्याच्या हातात असतं. शेवटी सगळे प्रयोगाच्या तयारीला आत गेलेत, बेणारे निपचित पडलीये, आणि सामंत घुटमळत येतो, तिच्यासाठी काय करावं ते त्याला कळत नाही, आणि तो तो पोपट लांबूनच तिच्यापुढे ठेवतो आणि जातो. त्याच्याजवळ देण्यासारखं तेवढंच आहे. दया आहे त्यात, आणि ती दया काही म्हणजे काही कामाची नाही, जिला आई होऊ दिलं जात नाहीये अशा बाईपुढे खेळणं ठेवलंय. पोपटाला तोंड पण आहे आणि बोलता येत नाही. आणि लगेच बेणारेच्याच आवाजात ते गाणं सुरू होतं, चिमणीला मग पोपट बोले, का गं तुझे डोळे ओले.

हे गाणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यात पुढे काय होतं? चिमणीचा घरटा कुणीतरी नेलाय. ती कावळ्याला विचारते, तो म्हणतो मला नाही माहीत. एकेकाला विचारत फिरते, आणि प्रत्येकजण हात वर करतो. आता खटला आठवा, बेणारेनं पोंक्षेंना विचारलं होतं लग्न करता का, ग्रुपमधल्याच बाळू रोकडेला विचारलं होतं, दामल्यांनी तर आधीच अंग काढून घेतलं होतं. प्रत्येकानं काय केलं? तुम्ही अंगणवाडीत पोरांना हातवारे करून हेच म्हणून दाखवता आणि पोरं हसतात, आणि नाटकात त्याच ओळी एका उद्ध्वस्त बाईच्या तोंडी येतात म्हणून तुम्हाला पुढे वाचवेना. ताई, हे उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही गाइडमध्ये नसेल आणि ते तुम्ही लिहू शकता, कारण त्या गाण्याचा खरा उपयोग काय असतो हे तुम्हाला माहीत आहे. लहान मुलांना झोपवायला, गप्प करायला, एकत्र बसवायला. ते ऐकायला मूल लागतं. नाटकात ते मूल नाहीये.

इथे एक फरक सांगून ठेवते कारण परीक्षेत त्यात घोळ होतो. आपल्या परंपरेत एकनाथांची भारुडं आहेत, 16व्या शतकातली. 'विंचू चावला' मध्ये ते स्वतःच सांगून टाकतात की विंचू म्हणजे काम-क्रोध. तिथे तक्ता चालतो, कारण कवीनंच तो दिलाय, त्याला रूपक म्हणायचं. तेंडुलकर कडी म्हणजे काय ते कुठेच सांगत नाहीत, आणि ज्याने सांगितलेलं नाही त्याचा तक्ता करायला गेलो की आपण चुकतो. तसंच नाथांचं रोडग्याचं भारूड बघा, ती सासुरवाशीण भवानीला नवस बोलते, सासऱ्याला तिकडेच खपव, सासूला निर्दाळ, नवऱ्यापासून मोकळी कर, रोडगा वाहीन तुला. ऐकणारे बायाबापडे पोट धरून हसतात आणि शेवटच्या ओळीत नाथ म्हणतात की सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला, आणि तेव्हा कळतं की हे सासरचं गाऱ्हाणं नव्हतंच, हे संसाराचे सगळे पाश तुटावेत म्हणून केलेलं मागणं होतं. वर एक, आत दुसरं. तुमच्या आजीला कुणी उपरोध शब्द शिकवला नसेल पण हे भारूड तिला कळलं असणार.

राहिलं आशयसूत्र, थीम. यात सगळ्यांची एकच अडचण असते, एका शब्दात उत्तर देतात. 'स्त्रीशोषण'. 'समाजाचा दांभिकपणा'. हा विषय झाला, आणि ह्या विषयावर शेकडो पुस्तकं असतात, मग ह्या पुस्तकानं वेगळं काय केलं? थीम एका पूर्ण वाक्यात लिहायची, क्रियापद असलेल्या. त्या वाक्यापर्यंत जायचा रस्ता मी सांगते. पहिल्या अंकात बेणारे सामंतला एकेकाबद्दल काय सांगते ते परत बघा. सुखात्मे वकील आहेत पण केस मिळत नाहीत. पोंक्षे शास्त्रज्ञासारखे वागतात पण इंटरला नापास. काशीकर समाजकार्य करतात, मूलबाळ नाही, म्हणून बाळूला वाढवलाय आणि त्याला पार गुलाम करून ठेवलाय. कर्णिक मोठा प्रायोगिक नट असल्याच्या थाटात वावरतात. म्हणजे आयुष्यात प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलंय आणि ह्या बाईला ते दिसतं आणि ती ते हसत बोलून दाखवते. आणि ती स्वतःची नोकरी चोख करणारी, पोरांची लाडकी, कुणाला न भिणारी. मग तिला पिंजऱ्यात उभं करायची संधी मिळाल्यावर त्यांच्या अंगात कसं वारं शिरतं बघा, ज्याला खऱ्या कोर्टात केस मिळत नाही ते सुखात्मे इथे आरोपीचे पण वकील होतात आणि सरकारी पण, आणि जॉन्सनच्या अण्वस्त्रांमध्ये ज्यांना काडीचा रस नाही ते एका बाईच्या पर्समध्ये काय होतं यावर डोळे लावून बसतात. आणि वर पुन्हा प्रत्येकजण म्हणतो, हा तर खेळ आहे.

आता वाक्य करा. मी माझं लिहून दाखवते, ते पाठ करू नका, तुमचं वेगळं येऊ दे: आयुष्यात हरलेली साधी, सभ्य माणसं, न्यायाची खुर्ची हातात आली आणि 'गंमत आहे' म्हणायची सोय मिळाली, की आपल्यापेक्षा मोकळेपणानं जगणाऱ्या बाईला चिरडतात आणि त्याला नीती म्हणतात. ह्यात स्त्रीशोषण आलं, दांभिकपणा आला, पण का आणि कसं ते पण आलं. तुमचं वाक्य सौ. काशीकरांवरून सुरू होऊ शकतं, कारण बेणारेला हाताला धरून ओढत पिंजऱ्यात आणणारी बाईच आहे, आणि ते बघून तुम्हाला काय वाटलं ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. नावाचा पण विचार करा थोडा. काशीकर ओरडतात शांतता, शांतता, आणि त्या खोलीत सगळे बडबडतायत, शांत फक्त ती एकटी आहे.

परीक्षेचं सांगते आणि थांबते. 'प्रतीके स्पष्ट करा' आलं की पाच-सहा वस्तूंची यादी करू नका, दोन घ्या, दाराची कडी आणि पोपट-गाणं, आणि प्रत्येकीचा नाटकाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत माग काढा, कुठे आली, तेव्हा स्टेजवर काय चाललं होतं, परत कुठे आली, तेव्हा काय बदललेलं होतं. मगच अर्थाचं एखादं वाक्य, आणि ते तुमच्या आशयसूत्राच्या वाक्याला नेऊन जोडायचं. उपरोधासाठी निकाल आणि सामंतची साक्ष पुरे, वेळ उरला तर घड्याळ. अवतरणं पाठ नसली तरी चालतं, प्रसंग नेमका सांगता आला पाहिजे. पेन्सिल घेऊन बसा आणि पुस्तकात खुणा करा, स्वतःचं पुस्तक असेल तर. सत्यदेव दुबेंनी 1971 साली ह्याच नावाचा सिनेमा केला होता, त्यात पण सुलभा देशपांडेच आहेत, कुठे बघायला मिळाला तर जरूर बघा, पण दुसरं वाचन झाल्यावर.

आणि मुलाला एक काम लावा. सुखात्म्यांचे संवाद त्याला मोठ्यानं वाचायला द्या, तुम्ही बेणारे वाचा, तिसऱ्या अंकातली दहा पानं. निकाल लागल्यानंतर सगळे तिला समजावतात की अगं खेळ होता तो, नुसता खेळ, ते वाक्य कुठल्या सुरात म्हणायचं यावर तुमचं नक्की वाजेल. वाजू द्या. कोण काय म्हणालं ते मला कळवा, आणि सौ. काशीकरांबद्दल तुम्हाला काय वाटलं ते पण.